कोंड्याला विकलेलं पोर

आमच्यात मेंढरं मोजायची पद्धत नाही. बोट दाखवून तर नाहीच. सांजच्याला कळप वाघरीच्या जाळीत शिरताना नुसती नजर टाकायची, एखादं कमी असलं तर ते आपोआप खुपतं. लेकरांचंही तसंच. कुणी विचारलं, "किती लेकरं?" तर आम्ही म्हणायचो, "हाईत देवाची." आकडा तोंडानं सांगितला की तो कुणाकुणाच्या कानावर जाईल याचा भरवसा नसतो. ऐकणारं दर वेळी माणूसच असतं असं थोडंच आहे.

त्यामुळं सरकारी माणूस अंगणात येऊन पहिलाच सवाल "हयात मुलं किती?" असा टाकायचा, तेव्हा माझं डोकं फिरायचं. हयात म्हणजे जिती. मेलेली त्यांच्या हिशेबात धरत नव्हते. माझ्या सुनेची दोन मेली होती आणि ती दोघं घरात जित्यांपेक्षा जास्त जागा अडवून बसली होती.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. पिंपळीच्या शिवारात आमची वस्ती, थोडं रान, बाकी सगळा जीव मेंढरांवर. दिवाळी झाली की आम्ही इंदापूरच्या अंगाला उतरायचो. धरणाचं पाणी मागं सरेल तसा डाळज-भिगवणच्या बाजूला चारा उघडा पडतो. रानवाले मेंढरं शेतात बसवून घेतात, त्यांना खत मिळतं, आम्हाला दाणे. पाऊस यायच्या बेताला परत घरी.

सुनेची पहिली मुलगी अशीच वाटेवर गेली, अंगावर पिती होती, तापानं. दुसरा मुलगा रांगायला लागला होता, तो जुलाबानं गेला. दोघांना परक्यांच्या बांधाला मातीत ठेवलं. रानवाल्याला विचारावं लागतं, इथं ठेवू का म्हणून. दोघेही चांगले निघाले, व्हय म्हणाले. दुसऱ्या दिवशी तळ हलवला, कारण मेंढरांना चारा लागतो.

मेंढीचं कोकरू मेलं तर त्याचं कातडं सोलून दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते, आपलंच समजून पाजते. बाईमाणसाची अशी समजूत घालता येत नाही. सून कधी मोठ्यानं रडली नाही. पण दुसरं गेल्यापासून भाकरी थापताना शेवटची भाकरी ती तळहाताएवढी करायची आणि तव्याजवळ ठेवायची. कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही. सकाळी ती भाकरी नसायची. कुत्रं खात असेल म्हणून मी कुत्रं बांधून बघितलं. तरी नसायची.

तिसरं पोर माघात झालं, डाळजच्या शिवारात, पालात. मुलगा होता. माझ्या म्हातारीनं कुणाला मुलगा म्हणू दिलं नाही. "धोंडा पडला," म्हणाली. नावही तसलंच ठेवलं, ते इथं लिहीत नाही. पाऊस यायच्या बेताला घरी आलो आणि तिनं रीत केली. पाठोपाठ लेकरं दगावत असली की नंतरचं पोर विकायचं असतं. ज्या घरात लेकरू नीट जगलंय त्या घरच्या बाईला विकायचं. आमच्या बांधापलीकडं एक ऊसवाल्यांचं घर होतं. त्या घरच्या सुनेची एकच मुलगी, पण अशी टणक की विहिरीत पडून हसत वर आलेली.

म्हातारीनं पोर सुपात घातलं, अंगावर फाटकं धडपं टाकलं, गालाला काजळी फासली आणि पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली.

"केर घ्यायचा का गं?"

शेजारणीनं पदर खोचला, वाकून बघितलं. "लई काळं हाय. काय घ्याल?"

"पसाभर कोंडा."

"पसाभर? एवढ्यात तर माझी म्हस जेवती. मूठभर घ्या."

"मूठभर दे, पण तुझी मूठ मोठी कर."

अशी घासाघीस झाल्याशिवाय सौदा खरा होत नाही. सून म्हातारीच्या मागं पाठ करून उभी होती. कोंडा म्हातारीच्या पदरात पडला तेव्हा सुनेचे खांदे हलले, एवढंच मला दिसलं. शेजारणीनं पोर आत नेलं. तिची मुलगी अजून अंगावर पीत होती, तेव्हा नव्यानं जन्मल्यासारखे पहिले घोट तिनंच पाजले. मग रीतीप्रमाणं "माझं पोर जरा सांभाळा" म्हणून सुनेकडं दिलं.

तिथून पुढं जावळ काढेपर्यंत ते पोर तिचं. सून पाजणार, धुणार, कुशीत घेऊन निजणार, पण पोर तिला काकी म्हणणार आणि बांधापलीकडच्या बाईला आई. कुणी परक्यानं विचारलं तर दोन्ही घरांनी एकच सांगायचं. पाचव्या वर्षी जावळ काढताना देवापुढं साडी-चोळी देऊन परत घ्यायचं. मध्येच कुणी तोंडानं "हे माझं" म्हटलं तर सौदा मोडतो, आणि जे मागं लागलेलं असतं त्याला घर सापडतं. ज्यानं दोन लेकरं परक्याच्या बांधाला ठेवली नाहीत त्यानं याला खुशाल हसावं.

पुढं वस्तीवर नर्सबाई आली. नवीनच बदलून आलेली, इकडची ओळख नसलेली. पोर अंगणात बाजेवर होतं.

"आबा, हे कुणाचं?"

"बांधापलीकडचं," मी म्हणालो.

ती पलीकडं गेली. शेजारीण तिथूनच म्हणाली, "व्हय, माझंच हाय."

"मग तिकडं कसं?"

"वैनीचं लेकरू गेलंय, तिला दूध हाय. माझं थोरलीनं संपीवलं. दुधाला काय जात-गोत असतं का, बाई?"

नर्सबाई हसली, पोराला सुई टोचली आणि लिहून घेऊन गेली. तेव्हा शेजारीण बांधावरून मला म्हणाली, "आबा, बघा, सरकारनं मला फुकटात ल्योक दिला. बाळंतपण तुमच्याकडं, ल्योक माझ्याकडं." सगळे हसलो. सूनही हसली.

पोर जगलं. चाललं, बोललं. बांध ओलांडून "आई" म्हणत पळायचं आणि भूक लागली की "काकी" म्हणत परत यायचं. दोन साल असेच गेले.

मग शेजारणीला दिवस राहिले. तिच्या नवऱ्याचा पाय उसाच्या ट्रॉलीखाली सापडला होता, तो कुबडीवर चालायचा. रान चुलत्यांच्या ताब्यात. घर चालत होतं ते तिच्या नोकरीवर. ती शाळेत शिपाई होती, घंटा द्यायची, वर्ग झाडायची, साहेब लोकांना चहा द्यायची. सरकारी नियमाचा पगार. बाळंतपणाला भरपगारी रजा मिळते हे तिला ठाऊक होतं, थोरलीच्या वेळी ती मिळाली होती. पण त्यानंतर नियम आवळला होता. आता दोन हयात असतील तर पुढच्याला रजा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, ग्रामसेवकाचा दाखला आणा, हयात किती ते लिहून. ग्रामसेवकानं नर्सबाईची माहिती बघितली आणि दोन म्हणून सांगितलं. एक तिची, एक आमचं.

ती घरी आली आणि आमच्यातल्या कुणाला काही कळू दिलं नाही. मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. तो बांधावर कुबडी आडवी टाकून बसला होता.

"आबा, ती बारामतीला जायचं म्हणतीय. दवाखान्यात."

"कशाला?"

"खाली करून यायला." त्यानं माती उकरली. "रजा न्हाय तर पगार न्हाय. बाळंतपण करून बिनपगारी घरात बसली तर चूल कशावर पेटायची? जागा बी जाईल. माझ्या ह्या पायावर कोण काम देतंय?"

मी विचारलं, "तिनं सांगितलं न्हाय का तितं, दुसरं पोर आपलं न्हवं म्हणून?"

"सांगंना. मी म्हणलं सांग. तर म्हणती, मी पैलं घोट पाजल्यात, माझ्या तोंडानं ते पोर मरंल."

तिनं पाळलेला शब्द आमच्यासाठीच होता. तो मोडायला मी कसा सांगू? आणि न सांगितलं तर तिच्या पोटातलं जाणार. शब्द दिला की फिरवायचा नाही, असं मी जन्मभर वागलो. घरी येऊन मी म्हातारीला सांगितलं. म्हातारी म्हणाली, "त्यांचं ते बघतील. तिला आणिक होतील. आपल्याला किती उरल्यात?"

सून चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी हापशाजवळच्या हौदावर मेंढरं पाजत होतो. दोघी पाण्याला आल्या होत्या. मी मेंढरांच्या पलीकडं होतो, त्यांना दिसत होतो, तरी त्या बोलल्या.

सून म्हणाली, "तुमी जाऊ नगा."

"कुठं?"

"माहिती हाय मला कुठं."

शेजारीण हापसा मारत राहिली. "वैनी, माझ्या पोटात हाय ते अजून नुसतं रगात हाय. ते तुमचं चालतंय, बोलतंय. मला आई म्हणतंय."

"मला म्हायती हाय रगात म्हंजी काय असतं. मी तीनदा बघितलंय."

"मग पाच वरीस काढा की. आता कशाला?"

"तुमाला पाच वरीस हाईत का?" सून म्हणाली. कळशी भरून वाहत होती आणि दोघींपैकी कुणी ती बाजूला घेतली नाही.

ग्रामसेवक ठरलेल्या वारी पंचायतीत बसायचा. त्या दिवशी सकाळी सुनेनं पोराला अंघोळ घातली, तेल लावलं, स्वच्छ अंगडं घातलं. गालाला काजळी लावली नाही. म्हातारीनं ते बघितलं आणि ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

"मामा, मी पंचायतीत चाललीया," सून म्हणाली. "यायचं तर या. न्हायतर म्हसीला पेंड घाला."

आमच्यात सून सासऱ्याच्या मागून चालते. त्या दिवशी ती पुढं होती आणि मी मागं. पोर तिच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होतं. मी दोनदा हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारून सांगणार काय होतो, ते आजही मला ठाऊक नाही.

पंचायतीत चार-पाच माणसं होती. ग्रामसेवक पान खाऊन बसला होता. सून उंबऱ्याच्या आत गेली.

"भाऊसाहेब, ह्ये पोर माझं हाय. बांधापलीकडच्यांचं न्हाय. त्यास्नी एकच मुलगी हाय. त्यांच्या दाखल्यावर एकच लिवा."

तो हसला. "बाई, दोन साल झोपली होतीस का? पोर आपलं का दुसऱ्याचं ते आज आठवलं?" मग माझ्याकडं बघून म्हणाला, "काय आबा? तुमीच सांगितलं होतं म्हणं नर्सबाईला. आता खरं कोण धरायचं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पोर सुनेच्या वेणीचं टोक तोंडात घालून चघळत होतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघून बोललो असतो तर बोट दाखवल्यासारखं झालं असतं. मला लेकरं ठेवलेले ते दोन्ही बांध दिसले, एक डाळजच्या अलीकडचा आणि एक पलीकडचा, आणि मला वाटलं की तिथून कुणीतरी उठून बसलंय आणि कान देतंय.

"आमचं हाय," मी म्हणालो. "मेंढरं घेऊन गेलो तवा डाळजला झालंय."

"मग ह्यांच्याकडं कसं गेलं? पोरांचा बाजार मांडला होता का?"

"व्हय. कोंड्याला इकलं हुतं."

"लई स्वस्त दिलं," तो म्हणाला. मागची माणसं हसली. एक म्हातारा तेवढा हसला नाही, त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला रीत ठाऊक असावी.

दाखला बदलला. रजा मंजूर झाली. शेजारीण बारामतीला गेली ती बाळंतपणालाच गेली, आणि मुलगी घेऊन आली. दोन झाली म्हणून तिथंच ऑपरेशनही करून आली. तिच्या नवऱ्याला मुलगा हवा होता, पण तो म्हणाला, "तिसऱ्याला कोण रजा देतंय? दोघीच बऱ्या."

आमच्या घरात मात्र दार उघडं पडल्यासारखं झालं. म्हातारी तेच म्हणाली सुनेला, "तू तोंड उघडलंस, आता दार बी उघडंच ऱ्हाणार." त्यानंतर ती कितीतरी दिवस सुनेशी बोलली नाही. मेंढरांशी बोलायची, चुलीशी बोलायची. पोराला शिंक आली तरी आम्ही तिघं उठून बसायचो. माझा पोरगा, ह्या पोराचा बाप, मेंढरांकडून आला की पहिल्यांदा दारातूनच विचारायचा, "हाय न्हवं?" नाव घ्यायचा नाही. त्या साली आम्ही इंदापूरला उतरलोच नाही. मेंढरं घेऊन पोरगा एकटा गेला.

आणि काही झालं नाही. गोवर आला, गेला. खोकला आला, गेला. पोर वाढत राहिलं.

याचा मला आनंद झाला म्हणालो तर खोटं होणार नाही. पण एक गोष्ट माझ्या मागं लागली ती आजपर्यंत आहे. सौदा मोडला आणि तरी पोर जगलं. मग मोडण्यासारखं काही होतं का? आणि तसलं काही नव्हतंच, तर आधीची दोन कशानं गेली? एकदा नर्सबाई वस्तीवरच्या एका बाईला सांगत होती की जुलाब लागले तर घाबरायचं नाही, मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजत राहायचं, लेकरू तगतं. मला नव्हती सांगत. मी ऐकलं आणि उठून मेंढरांकडं गेलो. तिचं मी मानत नाही. चमचाभर पाण्यानं काय होतंय? आमच्या दुसऱ्याला पाणी द्यायचं नाही असं सगळ्या जाणत्यांनी सांगितलं होतं, पाण्यानं जुलाब वाढतात म्हणून. जाणते काय खोटं सांगतील? पण मेंढरं हौदावर पाणी प्यायला लागली की तो सुरसुर आवाज मला अजून सोसत नाही.

तीच नर्सबाई पुढं एकदा सुनेकडं आली. आता तिच्याकडं सगळं बरोबर लिहिलं होतं. म्हणाली, "तुमचं एकच हयात आहे. दुसऱ्या बाळंतपणाला सरकारची मदत मिळते, अंगणवाडीतून खाऊही मिळतो. तिसऱ्याला काही मिळत नाही. दुसऱ्याचा विचार असेल तर नाव घालते."

सून धान्य निवडत होती. "मला नको," म्हणाली.

बाई गेल्यावर मी बोललो. सासऱ्यानं असल्या गोष्टीत बोलू नये, पण बोललो. "एक डोळा काय डोळा असतोय? एक पोर काय पोर असतंय? आता तर सरकार बी देतंय म्हणतंय."

तिनं सूप खाली ठेवलं. "मामा, सरकार एक धरतंय, तुमी बी एकच धरताय. मी तीन धरती. माझं झालं."

"उद्या ह्याला काय झालं तर?"

"म्हणूनच नको," ती म्हणाली.

मला राग आला. आठवडाभर मी तिच्या हातचं मुकाट्यानं खाल्लं, वर काही मागितलं नाही. तिनं विचार बदलला नाही. बांधापलीकडं दोनवर थांबले, त्यामागं रजा होती. आमच्यात एकावर थांबले, त्याला कुठल्या सरकारचा नियम नव्हता. पोरग्यानंही तिच्यापुढं कधी तो विषय काढला नाही.

पोराची सवय मोडायला वेळ लागला. पंचायतीत सांगून आम्ही मोकळे झालो, पण त्याला कोण सांगणार? ते शेजारणीलाच आई म्हणायचं. तिच्या मांडीवर आता दुसरं लेकरू, तरी जाऊन पदर ओढायचं. ती त्याला समजवायची, "मी काकी. आई तिकडं हाय, ती बघ." ते बघायचं आणि रडायचं. मारल्यागत रडायचं. म्हातारीला मनातून बरं वाटायचं. मला हळूच म्हणाली, "न्हाय म्हणंना का. त्याच्या तोंडून तरी सौदा टिकतोय." सून मात्र त्याला काही शिकवायची नाही. काकी म्हटलं तरी ओ द्यायची.

मग एका संध्याकाळी मेंढरं वाघरीत घेत होतो. शेजारीण धाकटीला काखेत घेऊन ताक मागायला आली होती, सुनेशी बोलत उभी होती. पोर कोकरामागं पळता पळता पडलं. बाभळीचा काटा तळव्यात गेला असावा. ते बसलं, पाय धरला आणि ओरडलं, "आई."

दोघींनी मान वळवली. शेजारीण सवयीनं एक पाऊल पुढं आली आणि थांबली, कारण पोर तिच्याकडं बघत नव्हतं. सुनेकडं बघत होतं. "आई गं," ते परत म्हणालं.

सून धावली. पंचायतीत चार माणसांत जिनं मोठ्यानं माझं म्हणून सांगितलं होतं, तिनं पोराला उचललं आणि त्याच्या तोंडावर तळहात दाबला. इकडंतिकडं बघितलं, बांधाकडं, अंधार पडत होता त्या दिशेला. शेजारणीनं तोंडाला पदर लावला होता. मी वाघरीची दोरी धरून उभा होतो.

पोर पाय विसरलं. त्याला तो खेळ वाटला. हाताखालून ते परत परत तेच म्हणत होतं, शब्द बाहेर येत नव्हता, नुसता तिचा हात हलताना दिसत होता. तिनं हात काढला नाही. आणि त्याच्याकडं बघून ती मान हलवत होती, व्हय, व्हय.